मुंबईत एकच सकाळ आहे, आर्ट म्युझियम कुठलं बघू? मुलगी कंटाळायला नको

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीहून आईबाबा आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन येताय, एक सकाळ मोकळी आहे आणि कलेचं काहीतरी दाखवायचंय. डोळे झाकून सांगतो, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम. फोर्टातलं मोठं म्युझियम मस्तच आहे, पण ते एका सकाळीत उरकत नाही आणि मग आईबाबांचे गुडघे बोलायला लागतात. हे दोन मजल्यांचं आहे, रमतगमत बघितलं तरी दोन तासात होतं.

मी लालबागचा. लहानपणी राणीच्या बागेत किती वेळा गेलो असेन याचा हिशोब नाही, पण त्याच आवारातल्या या इमारतीकडे ढुंकून बघितलं नाही, आपलं हत्ती बघायचे, माकडं बघायची, भेळ खायची की घरी. आत पहिल्यांदा पाय ठेवला तो थेट तिशी उलटल्यावर, तेही बाहेर पाऊस धो धो लागला म्हणून. आणि आत गेल्यावर वर बघतच राहिलो, हिरवा रंग, सोनेरी नक्षी, बिडाचे उंच खांब, लग्नाच्या हॉलसारखं वाटतं पण भपका नाही. 1872 मध्ये हे उघडलं तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं, भाऊ दाजींचं नाव लागायला 1975 उजाडलं. भाऊ दाजी म्हणजे मूळचे गोव्यातल्या मांद्रेचे, धंद्याने डॉक्टर, आणि जुने शिलालेख वाचायचा नाद. ते आणि नाना शंकरशेट, दोघांनीही हे म्युझियम उभं राहावं म्हणून खटपट केली. पुढे इमारतीची मोठी दुरुस्ती होऊन 2008 ला परत उघडलं.

आता मुलीसाठी. तिला आधी वरच्या मजल्यावर न्या, तिथे मातीच्या छोट्या छोट्या माणसांची कपाटं आहेत. त्या काळी मुंबईत कोण कोण राहायचं, काय नेसायचं, काय काम करायचं ते सगळं मातीत केलंय. मी भाचीला घेऊन गेलो होतो तर ती नुसत्या पगड्याच बघत बसली, कुणाची चपटी, कुणाची उंच, कुणाची गुंडाळलेली, आणि मग "मामा, यातला आपला कोण?" मला काय सांगता येईना. काचेला नाक लावून बघण्यासारखं काम आहे ते.

खाली येऊन जेजे स्कूलची, म्हणजे मुंबईच्या जुन्या कलाशाळेची, जुनी मातीची भांडी चुकवू नका. जेजेची पोरं एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याला जाऊन तिथल्या भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करत होती आणि तीच माणसं, तेच डोळे मग फुलदाणीच्या पोटावर आले. लेण्यातली राणी फुलदाणीवर, हे मला तरी पटलं, बाबांना कदाचित नाही पटणार, चालेल.

बाहेर पडल्यावर घाई करू नका, बाजूला दगडी हत्ती आहे तो बघा. हा घारापुरीचा, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 मध्ये इंग्रज याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, ते पुढे 1914 ला परत जोडले. मुलीला सांधे शोधायला लावा, दहा मिनिटं आरामात जातात. आणि फोर्टातल्या चौकाला काळा घोडा म्हणतात ना, तो खरा घोडापण याच बागेत आहे, वर इंग्रजांचा राजा सातवा एडवर्ड बसलाय. 1965 ला त्याला चौकातून उचलून इथे आणला, तिथे बरीच वर्षं नुसतं नाव राहिलं.

ट्रेनने येणार असाल तर भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा, चालत जाण्यासारखं आहे, आईबाबा असतील तर टॅक्सी करा. बुधवारी मात्र येऊ नका, म्युझियम आणि बाग दोन्ही बंद असतात. मी एकदा पुण्याहून आलेल्या आत्याला ऐटीत घेऊन गेलो आणि नेमका बुधवार निघाला, गेटवरून परत. आत्या अजून प्रत्येक लग्नात ते काढते. बागेतले पेंग्विन बघायचे असतील तर म्युझियम झाल्यावर जा, आधी पेंग्विन दाखवलेत तर मुलगी परत म्युझियमकडे वळत नाही, अनुभव आहे.