उत्पन्नाची रेषा आणि वीस सेंटची लस

प्रश्न : नायजेरियात खनिज तेल निघते, तरी तेथील बालकांच्या लसींसाठी परदेशी निधी दिला जातो, असे वाचनात आले. कोणता देश अशा मदतीस पात्र आहे, हे कसे ठरवतात? — एक वाचक, सातारा

उत्तर : लसींसाठीचा असा निधी मुख्यतः 2000 साली स्थापन झालेल्या ‘गावी’ या संस्थेकडून मिळतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या कितीतरी लसी याच मार्गाने आफ्रिकेत पोहोचतात. पात्रतेची मुख्य कसोटी दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाची आहे. जागतिक बँकेच्या आकड्यांवरून तीन वर्षांची सरासरी काढली जाते आणि ती ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर देश पात्र ठरतो. ही मर्यादा सुरुवातीला 1,000 डॉलर होती. 2011पासून ती 1,500 झाली आणि पुढे महागाईनुसार वाढत 2024मध्ये 1,810 डॉलरवर गेली.

पात्र देशालाही लस फुकट मिळत नाही. सर्वांत गरीब देश, लसीची किंमत काहीही असली तरी, एका डोसमागे 20 सेंट भरत आले आहेत. अल्प उत्पन्न गटातून देश वर सरकला की त्याचा वाटा वर्षाला 15 टक्क्यांनी वाढू लागतो, म्हणजे 20चे 23 आणि 23चे जवळपास साडेसव्वीस सेंट होतात. पात्रतेची मर्यादाच ओलांडली, तर काही वर्षांत सगळा खर्च स्वतःच्या तिजोरीतून करावा लागतो.

नायजेरियाची अडचण इथेच आहे. 6 एप्रिल 2014 रोजी त्या देशाने आपले आधारवर्ष, म्हणजे अर्थव्यवस्था मोजताना पाया मानलेले वर्ष, 1990ऐवजी 2010 धरले, मोबाइल सेवा आणि चित्रपट व्यवसाय यांसारखी नवी क्षेत्रे हिशेबात नीट घेतली, आणि अर्थव्यवस्था एका दिवसात 89 टक्क्यांनी मोठी दिसू लागली; साहजिकच पात्रता ठरवणारा दरडोई उत्पन्नाचा आकडाही वर गेला. मोजणी खोटी नव्हती, उलट ती व्हायलाच हवी होती. पण उत्तरेकडील सोकोटो राज्यातल्या ज्या आईच्या बाळापर्यंत लस पोहोचत नव्हती, तिच्या घरी त्या दिवशी काहीच बदलले नाही. लागोस या व्यापारी महानगरातल्या बँका आणि सोकोटोची खेडी एकाच भागाकारात बसवली की असे होते, आणि मला ही या कसोटीची फार मोठी उणीव वाटते. ‘गावी’च्या मंडळानेही 2018मध्ये नायजेरियापुरता अपवाद केला : मदतीची मुदत 2028पर्यंत वाढवली आणि त्यासाठी 1 अब्ज डॉलरपर्यंत तरतूद मान्य केली. 2023मध्येही एकही डोस न मिळालेली सर्वाधिक, सुमारे 21 लाख, बालके याच देशात होती.

क्षय, एचआयव्ही आणि मलेरिया यांच्यासाठी 2002पासून काम करणाऱ्या ‘ग्लोबल फंड’ची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. तिथे उत्पन्नाबरोबर रोगाचा भारही पाहतात, त्यामुळे उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशातही रोग मोठ्या प्रमाणावर असेल, तर निधीचा मार्ग खुला राहतो. आणि पात्रता गेली, तरी सावरण्यासाठी आणखी एका कालखंडापुरता, साधारण तीन वर्षांचा, निधी मिळू शकतो.