डी या प्रोग्रॅमिंग भाषेत डिस्ट्रक्टरमुळे (ऑब्जेक्ट मरताना चालणाऱ्या फंक्शनमुळे) 'इनव्हॅलिड मेमरी ऑपरेशन एरर' येतो, स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती यादी) मिळत नाही. मूळ कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डी मध्ये लिहिलेला सर्व्हर छोट्या टेस्टमध्ये व्यवस्थित चालतो, लोड वाढला की 'इनव्हॅलिड मेमरी ऑपरेशन' एवढंच म्हणून मरतो. एररमध्ये जी फाइल आणि ओळ दिसते ती तुमची नाही, रनटाइमची आहे. आणि कनेक्शन क्लासच्या डिस्ट्रक्टरबद्दल तुम्ही लिहिलंय की त्यात विशेष काही नाही, कनेक्शन बंद करतो आणि लॉगमध्ये एक ओळ लिहितो.

संशय घ्यायचा तो त्या लॉगच्या ओळीवरच.

(नावं इथे देवनागरीत लिहितोय. कोडमध्ये ती रोमनमध्ये, सलग टाइप करा.)

डी चा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी परत घेणारा रनटाइमचा भाग, आधी जिवंत ऑब्जेक्टवर खुणा करतो आणि मग उरलेला कचरा झाडतो. झाडताना ज्या कचऱ्याला डिस्ट्रक्टर आहे त्याचा डिस्ट्रक्टर तो स्वतः बोलावतो. त्या क्षणी त्याची स्वतःची नोंदवही अर्धवट असते, त्यामुळे डिस्ट्रक्टरने नवी मेमरी मागितली तर तो ती देऊ शकत नाही आणि हा एरर फेकतो. ट्रेस न मिळण्याचं कारणही तेच: ट्रेस रचायला मेमरी लागते आणि ती देणारा अडकलेला असतो. म्हणून रनटाइम आधीच तयार ठेवलेला, ट्रेस नसलेला एरर पुढे करतो.

आता तुमची लॉगची ओळ बघा. कनेक्शनचा नंबर 'टू-स्ट्रिंग' करून दोन स्ट्रिंगांच्या मध्ये ~ ने जोडला असेल तर तिथे अलोकेशन, म्हणजे नव्या मेमरीची मागणी, झालंच. 'फॉरमॅट' वापरलं तरी तेच. सी लायब्ररीला नाव द्यायचं म्हणून 'टू-स्ट्रिंग-झेड' वापरणारे तर पुष्कळ सापडतात, ते फंक्शन कलेक्टरच्या हीपवर (तो सांभाळतो त्या मेमरीत) नवी प्रत काढतं हे लक्षातच येत नाही. अ‍ॅरेला ~= ने शेपूट जोडणं, 'न्यू' करून एक्सेप्शन फेकणं, बाहेरचा लोकल व्हेरिएबल पकडणारा डेलिगेट, हे सगळे त्याच माळेचे मणी. असोसिएटिव्ह अ‍ॅरेतून 'रिमूव्ह' करणं दिसायला उलट, मेमरी सोडण्याचं काम आहे, पण झाडलोट चालू असताना जुन्या रनटाइममध्ये तेही चालत नसे. 'उघड्या कनेक्शनांच्या यादीतून स्वतःला काढून टाकणारा' डिस्ट्रक्टर नेमका इथे फसत असे.

लोड वाढल्यावरच का? कलेक्टर आपणहून उठत नाही. कोणीतरी मेमरी मागतो, हाताशी जागा नसते, तेव्हा झाडलोट सुरू होते. छोट्या टेस्टमध्ये ती वेळच येत नाही. कधी कधी सगळं काम नीट होतं आणि 'मेन' संपल्यावर हा एरर येतो, कारण बाहेर पडताना रनटाइम शेवटची एक झाडलोट करतो. 'डीआरटी-जीसीऑप्ट' या रनटाइमच्या सेटिंगमध्ये 'क्लीनअप' ला 'नन' देऊन ती बंद करता येते, पण त्याने फक्त लक्षण झाकलं जातं.

पकडायचं कसं: '-जी' देऊन, ऑप्टिमायझेशन न लावता बिल्ड करा आणि जीडीबी या डीबगरमध्ये चालवा. 'ऑन-इनव्हॅलिड-मेमरी-ऑपरेशन-एरर' या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावा. कॅमल केसमध्ये, सुरुवातीचा 'ओ' लहान. एरर फेकण्याआधी प्रोग्रॅम तिथे थांबतो. लिनक्सवर एक त्रास होईल. कलेक्टर बाकीचे थ्रेड थांबवायला सिग्नल वापरतो आणि जीडीबी त्या प्रत्येक सिग्नलवर अडतो. ज्या सिग्नलचं नाव दिसेल त्याला 'हँडल' कमांडने 'नोस्टॉप नोप्रिंट' करून टाका.

थांबल्यावर 'बीटी' द्या, म्हणजे फंक्शनांची साखळी दिसेल. तिची एकेक ओळ म्हणजे एक फ्रेम. वाचताना खरी चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर. वरून खाली साधारण हा क्रम दिसेल: एरर फेकणारं फंक्शन, कलेक्टरचं अलोकेशन, स्ट्रिंग जोडणारं रनटाइमचं काहीतरी, मग 'डीटॉर' किंवा '~धिस' असलेली, म्हणजे डिस्ट्रक्टरची, एक फ्रेम, मग नावात 'फायनलाइझ' असलेली फ्रेम, मग कलेक्टरच्या झाडलोटीच्या फ्रेमा, मग पुन्हा एक अलोकेशन, आणि त्याखाली तुमचं रिक्वेस्ट हाताळणारं फंक्शन. बहुतेक जण आपल्या ओळखीचं नाव शोधत खाली जातात, रिक्वेस्टचं फंक्शन दिसलं की तेच उसवायला घेतात. चोर सोडून संन्याशाला सुळी. त्या फंक्शनने मेमरी मागितली आणि नेमकी तेव्हा झाडलोट निघाली, इतकाच त्याचा संबंध. पुढच्या वेळी तिथे दुसरंच फंक्शन असेल. 'फायनलाइझ' ही सीमा धरा, तिच्या वर जे आहे तेवढंच वाचा.

'डीटॉर' च्या फ्रेममध्ये तुम्ही न लिहिलेला डिस्ट्रक्टरही निघू शकतो. क्लासचा सदस्य एखादा स्ट्रक्ट असेल तर त्याचा डिस्ट्रक्टरही त्याच झाडलोटीत चालतो.

एरर हुकमी आणायचा असेल तर टेस्टमध्ये प्रत्येक रिक्वेस्टनंतर 'जीसी.कलेक्ट' बोलवा. मात्र ऑब्जेक्ट वेगळ्या फंक्शनमध्ये तयार करा आणि तिथून बाहेर या. हा कलेक्टर स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या लोकल मेमरीत) पॉइंटरसारखं दिसणारं काहीही पॉइंटरच समजतो, त्यामुळे त्याच फंक्शनमध्ये राहिलात तर जुना पत्ता कुठेतरी पडून राहतो आणि ऑब्जेक्ट मरतच नाही.

आता त्याहून वाईट गोष्ट. अलोकेशन काढून टाकून सी च्या 'एफप्रिंटएफ' ने लॉग लिहायला लागलात, तरी त्यात कनेक्शनचं नाव छापत असाल आणि ते नाव कलेक्टरच्या हीपवरची स्ट्रिंग असेल, तर चूक तशीच आहे. झाडलोटीला क्रम नसतो. तुमच्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालतो तेव्हा त्याने धरलेली स्ट्रिंग, अ‍ॅरे किंवा दुसरा ऑब्जेक्ट आधीच झाडला गेलेला असू शकतो. इथे एररही येत नाही. कधी बरोबर नाव छापलं जातं, कधी कचरा, कधी सेगमेंटेशन फॉल्ट. आकडे, फाइल डिस्क्रिप्टर, सी लायब्ररीने दिलेलं हँडल एवढ्यावरच विसंबा. जावा किंवा सी-शार्पमधून आलेले लोक इथे हमखास गाफील राहतात, कारण तिथे फायनलायझर (डिस्ट्रक्टरसारखंच, कलेक्टरमुळे चालणारं फंक्शन) चालेपर्यंत ऑब्जेक्टने धरलेली मेमरी तरी शाबूत असते.

शिवाय डिस्ट्रक्टर कुठल्या थ्रेडवर चालेल ते तुमच्या हातात नाही. ज्याच्या मागणीमुळे झाडलोट निघाली त्या थ्रेडवर तो चालतो. ओपनजीएल या ग्राफिक्स लायब्ररीचं टेक्स्चर डिस्ट्रक्टरमधून सोडणारा कोड म्हणूनच अधूनमधून कोसळतो: त्या थ्रेडवर ओपनजीएलला लागणारा कॉन्टेक्स्टच नसतो.

दुरुस्तीची पहिली पायरी स्वस्त आहे. प्रत्येक क्लासच्या डिस्ट्रक्टरला '@नोजीसी' (इथे कलेक्टरकडून मेमरी मागायची नाही, अशी खूण) लावा आणि कंपाइल करा. आत कुठेही अलोकेशन होत असेल तर कंपायलरच ओळ दाखवेल, जीडीबीची गरजही पडणार नाही. हा गुण डी चा, आणि तो न वापरणं मला कळत नाही. मेलेल्या सदस्याला हात लावण्याची चूक मात्र याने पकडली जात नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

खरी दुरुस्ती म्हणजे कनेक्शन बंद करण्याचं काम कलेक्टरच्या भरवशावर न ठेवणं. 'क्लोज' हे साधं फंक्शन लिहा आणि उघडल्याबरोबर पुढच्या ओळीत 'स्कोप एक्झिट' मध्ये (ब्लॉकमधून बाहेर पडताना चालणाऱ्या भागात) ते बोलवा. मालकी एकाच ठिकाणी असेल तर क्लासऐवजी कॉपी बंद केलेला स्ट्रक्ट घ्या. तो स्टॅकवर असला की ब्लॉक संपताच त्याचा डिस्ट्रक्टर चालतो, आणि तिथे लॉग, स्ट्रिंग, काय हवं ते करा. क्लासच ठेवायचा असेल तर 'डिस्ट्रॉय' ने वेळेवर मारा. हाच डिस्ट्रक्टर दोन्ही वाटांनी चालणार असेल तर 'जीसी.इनफायनलायझर' विचारून कळतं की बोलावणारा कलेक्टर आहे की तुम्ही.

मी स्वतः क्लासच्या डिस्ट्रक्टरमध्ये एवढंच ठेवतो: हँडल अजून उघडं असेल तर 'एफपुट्स' ने एक ठराविक वाक्य एररच्या स्ट्रीमवर, की कोणीतरी 'क्लोज' विसरलं. बाकी काही नाही.

'जीसी.डिसेबल' करून प्रश्न सुटला असं सांगणारी उत्तरं मिळतील. सर्व्हरवर त्याने मेमरी फुगत जाते, आणि जागा अगदीच संपली तर त्यानंतरही झाडलोट होऊ शकते.

हा घोळ एकट्या डी चा नाही. जावाने 'फायनलाइझ' आधी जावा 9 मध्ये नापसंत ठरवलं, मग 2022 साली जेडीके 18 मध्ये ते पुढे काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. पायथॉनमध्ये 3.4 येईपर्यंत 'डेल' (तिथला फायनलायझर) असलेले ऑब्जेक्ट एकमेकांत गुंतले की कलेक्टर ते न झाडता तसेच ठेवत असे. गो मध्ये 'सेटफायनलायझर' होतंच, 1.24 मध्ये त्याला 'अ‍ॅडक्लीनअप' हा जास्त सुरक्षित पर्याय आला.

'@नोजीसी' लावूनही सापडलं नाही, तर 'बीटी' मधल्या 'फायनलाइझ' च्या वरच्या फ्रेमा आणि त्या क्लासचे सदस्य प्रश्नात जोडा. बाकी कोड नको.