वाचकांचे प्रश्न : मेंदूच्या आजारात सेरेब्रोलायसिनचे इंजेक्शन

प्रश्न : माझ्या वडिलांना दोन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. रुग्णालयात त्यांना दहा दिवस सलाइनमधून सेरेब्रोलायसिन दिले होते. उजव्या हातात अजून जोर आलेला नाही. एका नातेवाइकांचे म्हणणे असे की हे तर नसांचे टॉनिक आहे, त्याने अपाय होत नाही; घरीच नर्स बोलावून आणखी महिनाभर द्यावे. तसे करावे का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय करू नये, आणि लिहून दिले तरी पहिली मात्रा घरी घेऊ नये. सेरेब्रोलायसिन हे टॉनिक नव्हे. डुकराच्या मेंदूतील प्रथिनांवर प्रक्रिया करून मिळवलेल्या लहान पेप्टाइडांचे आणि अमिनो आम्लांचे ते द्रावण असते. श्रद्धेमुळे किंवा आहाराच्या नियमांमुळे ज्यांना हा स्रोत चालणार नाही, त्यांना तो औषध सुरू करण्यापूर्वीच सांगायला हवा. माझ्या मते हा रुग्णाचा हक्क आहे आणि तो फार वेळा डावलला जातो.

प्रत्येक वेळी औषध देण्याआधी तीन गोष्टी विचारल्याच पाहिजेत. रुग्णाला अपस्मार आहे का किंवा पूर्वी फिट आली होती का, मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावले आहे का, आणि या औषधाची किंवा त्यातील घटकांची अ‍ॅलर्जी आहे का. आपल्या वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्तातील पातळी) रुग्णालयात असताना ठीक होते म्हणून आजही ते तसेच असेल, असे गृहीत धरता येत नाही; मधुमेह किंवा जुना रक्तदाब असेल तर ते पुन्हा तपासून घ्यावे. नैराश्यावरील गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे, कारण दोन्ही औषधांचा परिणाम एकमेकांत मिसळून वाढू शकतो आणि गोळीची मात्रा कमी करावी लागते. पक्षाघातानंतर अशा गोळ्या पुष्कळांना दिल्या जातात, म्हणून हा मुद्दा किरकोळ समजू नये.

घरी सर्वांत जास्त चूक होते ती वेगाची. ५ मिलिलिटरपर्यंतची मात्रा स्नायूत देता येते, १० मिलिलिटरपर्यंतची शिरेतून सावकाश देता येते. त्याहून मोठी मात्रा मात्र नॉर्मल सलाइन, रिंगर किंवा ५ टक्के ग्लुकोजमध्ये मिसळून, एकूण १०० मिलिलिटरपर्यंत आणून, १५ ते ६० मिनिटांत द्यावी लागते. ज्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्यातून १०० मिलिलिटर एका तासात द्यायचे तर मिनिटाला सुमारे ३३ थेंब पडायला हवेत. घड्याळ हातात धरून थेंब मोजणे कंटाळवाणे असते आणि नर्सला पुढच्या घरी जायचे असते, म्हणून सलाइनच्या नळीवरचे वेग ठरवणारे चाक थोडे सैल केले जाते. मग रुग्णाला एकाएकी अंग तापल्यासारखे वाटते, घाम फुटतो, चक्कर येते, छाती धडधडते, क्वचित हृदयाचे ठोके अनियमितही होतात. असे काही वाटले तर सलाइन लगेच थांबवावे. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे किंवा धाप लागणे ही गंभीर अ‍ॅलर्जीची लक्षणे आहेत. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिन आणि ऑक्सिजन हाताशी असावे लागते, आणि ते बहुतेक घरांत नसते.

अँप्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, उजेडात धरून पाहावी. द्रावण स्वच्छ आणि पिवळसर तपकिरी असते. ते गढूळ दिसले किंवा त्यात कण तरंगत असले तर वापरू नये. फोडलेली अँप्यूल लगेच वापरावी, उरलेले औषध दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. एकाच बाटलीत अमिनो आम्लांचे किंवा स्निग्धांशाचे सलाइन मिसळू नये.

आता उपयोगाविषयी. तीव्र पक्षाघातातील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेनुसार या औषधाने मृत्यू टळल्याचे दिसत नाही, उलट जीवघेणे नसलेले पण गंभीर दुष्परिणाम थोडे वाढण्याची शक्यता दिसते. काही अभ्यासांत मात्र, पहिल्या काही दिवसांत सुरू करून नियमित व्यायामोपचारासोबत दिल्यावर हाताची हालचाल अधिक सुधारल्याचे आढळले आहे. नेहमीचा कोर्स १० ते २० दिवसांचा असतो. दोन महिने उलटल्यावर घाईने सलग महिनाभर देण्याला आधार नाही. त्यापेक्षा रोज फिजिओथेरपी, त्याच हाताने पेला उचलणे, कुलूप उघडणे, बटण लावणे असा सराव, आणि रक्तदाब व रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या न चुकवणे, यांवर घरातल्या माणसांनी आपला वेळ घालवावा, असे मी मनापासून सांगेन.

प्रश्न : अपघातात डोक्याला मार लागल्यावर माझ्या भावाला एकदा फिट आली. तो लेव्हेटिरासिटाम हे फिट रोखणारे औषध घेतो. त्याला हे इंजेक्शन सुचवले आहे. चालेल का?
– एक वाचक

उत्तर : फिट आल्याची गोष्ट सुचवणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक आहे का, हे आधी स्पष्ट विचारा. अपस्मार असलेल्या रुग्णात हे औषध टाळायचे असते. अपघातानंतरच्या एका फिटेला अपस्मार म्हणायचे की नाही, हे ती किती दिवसांनी आली, सीटी स्कॅनमध्ये काय दिसले आणि ईईजी (मेंदूतील विद्युत हालचालींचा आलेख) कसा आहे यावर ठरते, त्यामुळे हा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांनीच घ्यावा. तोवर लेव्हेटिरासिटाम स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : आईला पार्किन्सन आहे, लेव्होडोपा चालू आहे. तिला सिटिकोलिनचे इंजेक्शन दिले तर?
– एक वाचक

उत्तर : सिटिकोलिन हे सेरेब्रोलायसिनहून वेगळे, पण पक्षाघातासारख्या मेंदूच्या आजारांत दिले जाणारे औषध आहे; त्याने लेव्होडोपाचा परिणाम वाढू शकतो. इंजेक्शनानंतर हातपाय नकळत वळवळू लागले, भास झाले किंवा उभे राहताना रक्तदाब उतरला, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. शिरेतून देताना तेही तीन ते पाच मिनिटे घेऊन सावकाश द्यावे लागते, घाईने दिल्यास रक्तदाब खाली येतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,२९८ पक्षाघात रुग्णांवरील चाचणीत सिटिकोलिनचा नुसत्या प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली मात्रेपेक्षा, जास्त उपयोग दिसला नव्हता. म्हणून आईला ते नेमके कोणत्या त्रासासाठी द्यायचे आहे आणि फरक कसा मोजणार, हे विचारून मगच होकार द्या.