भिंतीतला आरपार दगड

प्रश्न : मी शाळेत भूगोल शिकवते. नोव्हेंबर 2023 मध्ये नेपाळच्या जाजरकोटला 6.4 तीव्रतेचा भूकंप झाला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. जपानमध्ये एवढ्या धक्क्याने सहसा इतकी माणसं दगावत नाहीत, असं वर्गात सांगितलं तर एका मुलीने विचारलं, "मग नेपाळचे डोंगर कच्चे आहेत का?" तिला काय उत्तर देऊ?

उत्तर : मुलीचा प्रश्न चांगला आहे. डोंगर खरोखरच अस्थिर आहेत. भारताचं भूपट्ट तिबेटखाली रेटलं जातंय, कडे सुटतात, 2015 च्या मोठ्या भूकंपात तर लांगटांग हे अख्खं गाव बर्फ आणि दगडांखाली गाडलं गेलं. पण बहुतेक माणसं मेली ती स्वतःच्या घराच्या भिंतीखाली.

मी बांधकाम इंजिनिअर. 2015 नंतर सिंधुपाल्चोक जिल्ह्यात गवंड्यांना, म्हणजे तिथल्या डकर्मींना, शिकवायच्या कामावर होतो. पडलेल्या घरांच्या भिंती मी हाताने उकरून पाहिल्या आहेत. बाहेरून दीड-दोन फूट जाडीची भक्कम भिंत दिसते. आत मात्र दगडांचे दोन वेगवेगळे पापुद्रे, आणि मधे माती नि खडीचा भराव. हादरा बसला की दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येतं आणि ती ढासळते. वरचा मजला, त्यावरचं धान्य, सगळं खाली येतं.

यावरचा उपाय डकर्मींना एका दिवसात समजतो. उंचीत दर दोन फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालायचे, कोपरे नीट गुंतवायचे, आणि जोत्यावर, खिडकीखाली, दारावर आणि छताखाली लाकडाचा किंवा काँक्रीटचा पट्टा घराभोवती सलग फिरवायचा. लांब दगड विकत आणावा लागत नाही, फक्त शोधून आणायची मेहनत पडते. पट्ट्याला मात्र पैसे लागतात. सळई आणि सिमेंटची गोणी वरच्या वाडीपर्यंत खेचरावर किंवा माणसाच्या पाठीवर जाते, आणि प्रत्येक चढाला तिची किंमत वाढते. नेपाळमध्ये बांधकाम संहितेचा मसुदा 1994 मध्येच तयार झाला होता. पण डोंगरातलं घर कुटुंब स्वतःच बांधतं, तिथे संहिता घेऊन कोण जाणार? तरणी पोरं आखातात नि मलेशियात, घराशी म्हातारी माणसं आणि बायका.

वेळेचाही भाग आहे, तो मुलांना जरूर सांगा. 25 एप्रिल 2015 चा 7.8 चा धक्का शनिवारी दुपारी 11:56 ला आला. शनिवार तिथला सुट्टीचा वार. हजारो वर्गखोल्या पडल्या, पण त्या रिकाम्या होत्या, आणि गावातली पुष्कळ माणसं शेतात होती. तरीही जवळपास 9,000 माणसं गेली. जाजरकोटचा धक्का रात्री 11:47 चा. सगळे झोपेत.

पुढची गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही. 2015 मध्ये सुमारे 5 लाख घरं जमीनदोस्त झाली. नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाएवढं. सरकारने घरामागे 3 लाख नेपाळी रुपये ठरवले : आधी 50 हजार, जोतं झाल्यावर दीड लाख, मग एक लाख. प्रत्येक पुढच्या हप्त्याआधी इंजिनिअरची तपासणी. एवढ्या पैशात जमेल ते लोकांनी बांधलं. बऱ्याच ठिकाणी दोन खोल्यांचं एकमजली घर. भूकंपात टिकेल असं, यात शंका नाही. एका दिदींचं असं घर मी पास केलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, मकई कुठे ठेवू?" जुन्या घरात खाली गुरं, मधे माणसं आणि वर बुइगलमध्ये, म्हणजे माळ्यावर, वर्षाचं धान्य. नव्या नकाशात मक्याला जागाच नव्हती. वर पुष्कळांनी उरलेल्या खर्चासाठी सावकाराकडून कर्ज काढलेलं. ही दोन खोल्यांची घरं मला आजही टोचतात. जीव वाचवायचा विचार झाला, संसाराचा राहून गेला.

प्रश्न : पुन्हा असं घडलं तर आम्ही शाळेतून कपडे आणि खाऊ पाठवावा का?

उत्तर : कृपा करून नको. 2015 मध्ये काठमांडूच्या विमानतळाला एकच धावपट्टी होती. तिला तडे गेल्यामुळे मोठी विमानं थांबवावी लागली. तेव्हा आलेल्या मदतीत ट्यूना मासा आणि मेयोनेझसुद्धा होतं. आम्हाला धान्य, मीठ, साखर हवी आहे, असं तिथल्या अर्थमंत्र्यांना सांगावं लागलं. पैसे जमवा, आणि ते स्थानिक डकर्मींना शिकवणाऱ्या तिथल्याच एखाद्या संस्थेला द्या. तेही पहिल्या आठवड्यात सगळे देऊन टाकू नका. त्या वर्षी सप्टेंबरपासून पुढे कित्येक महिने भारताच्या सीमेवरची वाहतूक अडली होती, इंधन मिळत नव्हतं, आणि लोकांनी हिवाळा जस्ताच्या पत्र्यांखाली काढला. तोवर बाहेरच्या बातम्या थांबल्या होत्या. निम्मी रक्कम त्या हिवाळ्यासाठी राखून ठेवा.