कोल्हापूरजवळ दोघांनी शनिवार-रविवार गाडी घेऊन गावं बघत कुठं फिरावं?

तुम्ही विचारलंय की लग्नाला आठ महिने झालेत, पुण्याहून शुक्रवारी रात्री कोल्हापुरात पोचणार, गाडी स्वतःची आहे, अंबाबाई पन्हाळा जोतिबा आधीच झालंय आणि आता दोघांना निवांत गावं, शेतं बघत फिरायचंय. मी इथलाच, आणि गेल्या डिसेंबरात मी आणि बायको नेमकं असंच दोन दिवस फिरून आलो म्हणून मनापासून लिहितोय.

माझं ऐकाल तर पॉइंट मोजत फिरू नका, एक नदी धरा आणि तिच्या काठानं जावा. शनिवारी वर गगनबावड्याला, रविवारी खाली नरसोबावाडी आणि खिद्रापूरला. आपली पंचगंगा प्रयाग चिखलीला तयार होते, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून, आणि वाडीला, म्हणजे नरसोबावाडीला, जाऊन कृष्णेला मिळते. म्हणजे दोन दिवसांत तुम्ही तिचं माहेर पण बघता आणि सासर पण. शनिवारी सकाळी आधी चिखलीचा संगम करा, शहराला लागूनच आहे, अर्धा तास बास होतो, मग मागं येऊन गगनबावडा रोडला लागा.

हा रोड साधारण 55 किलोमीटर आहे आणि बराच वेळ कुंभी नदी जवळपास असते. कळे ओलांडलं की डोंगर जवळ यायला लागतात. इथं घाई करू नका. काचा खाली घ्या, थंडीत गुऱ्हाळं चालू असतात आणि धूर दिसायच्या आधी वास येतो. आम्ही एका वस्तीजवळ असंच वासावर गाडी वळवली, मालकांना विचारलं बघू का, ते म्हणाले या की, विचारताय काय. चुलवाणावर भली मोठी काहील, म्हणजे पसरट कढई, खाली एक माणूस सारखी रस काढलेल्या उसाची वाळलेली चिपाडं आत सारतोय, वर रस उकळतोय, त्यात भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते ती झाऱ्यानं काढायची. रस हिरवट असतो तो बघता बघता पिवळा होतो मग तांबूस, आणि बुडबुडे बारीक होऊन दाटायला लागले की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, एक थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी दाबून बघतो, गोळी झाली तर काहील उतरवायची नाहीतर अजून जाळ. सगळा गुळाचा भाव त्या एका बोटाच्या अंदाजावर असतो. आम्हाला सोललेल्या उसाच्या कांड्यावर गरम गूळ गुंडाळून दिला, बायको बराच वेळ काही बोललीच नाही, नुसती खात होती. पैसे घेत नव्हते म्हणून दोन किलो गूळ आणि बाटलीभर काकवी विकत घेतली, तुम्ही पण असंच करा, नुसते फोटो काढून निघू नका, ती माणसं पहाटेपासून जाळाजवळ उभी असतात.

वाटेत बंधारे लागतील, हे कोल्हापूर पद्धतीचे म्हणून राज्यभर ओळखले जातात. पावसाळा संपला की खांबांच्या मधे बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी काढून ठेवतात. बंधाऱ्यावरनं पलीकडच्या गावात जाता येतं पण जपून, मॅपनं आम्हाला अशा एका बंधाऱ्यावर नेलं की समोरनं बैलगाडी आली आणि मला सगळं अंतर रिव्हर्स यावं लागलं, बायको खाली उतरून चाक कुठं आहे ते सांगत होती. आधी चालत जाऊन बघा मगच गाडी घाला.

गगनबावड्याच्या अलीकडं पळसंबेचा फाटा आहे, तिथं ओढ्याच्या पात्रातच दगडात कोरलेली रामलिंगची छोटी मंदिरं आहेत, झाडी दाट आणि गर्दी नसते, हे चुकवू नका. मुक्काम गगनबावड्यात. इथनं दोन घाट कोकणात उतरतात, करूळ आणि भुईबावडा, उतरायची गरज नाही, संध्याकाळी वरनं बघा. सकाळी लवकर उठून गगनगडावर जावा, गगनगिरी महाराजांचा मठ आहे, स्वेटर लागतोच.

रविवारी उलट दिशा. कोल्हापूर ओलांडून शिरोळ तालुक्यात आलात की डोंगर गायब, सपाट काळी जमीन आणि ऊसच ऊस. गगनबावडा तालुक्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि शिरोळला 500 च्या आसपास, तरी पूर येतो तो शिरोळला, कारण वरचं सगळं पाणी इथं उतरतं. वाडीच्या दत्त मंदिरात पावसाळ्यात कृष्णेचं पाणी पादुकांवरनं वाहत दक्षिण दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, लोक त्या पाण्यात स्नानाला लांबनं येतात. आदल्या दिवशी वर कुंभी बघून आलेलो त्यामुळं घाटाच्या पायऱ्यांवर बसून संगम बघताना वेगळंच वाटलं. वाडीत कवठाची बर्फी घ्या, कुरुंदवाडात बासुंदी, आणि कुठं कृष्णाकाठची वांगी दिसली तर डिकीत टाका, तसं भरीत पुण्यात होत नाही.

खिद्रापूरला दुपार कलल्यावर पोचा. कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. स्वर्गमंडपात 48 खांब आणि मधे छत नाहीच, गोल उघडं आभाळ, खाली तेवढीच गोल दगडी शिळा. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बरोबर त्या गोलावर येतो तेव्हा गर्दी असते, एरवी शांत. समोर नंदी नाही हे लक्षात येईल, सती नंदीवर बसून माहेरी दक्षाच्या यज्ञाला गेली अशी कथा सांगतात, म्हणून शंकर कोपलेला आणि त्याला समजावायला विष्णू धोपेश्वर म्हणून गाभाऱ्यात शेजारी. नंदी कर्नाटकात यडूरला आहे. बाहेरच्या भिंती दोघांनी हळूहळू चालत बघा, खालच्या हत्तींच्या ओळीपासनं सुरू करा, प्रत्येक हत्तीवर वेगळं कोणीतरी बसलंय, आमचा तासभर तिथंच गेला.

पेट्रोल कोल्हापुरातच फुल करा. आणि एक विनंती, खिद्रापुरातनं अंधार पडायच्या आत निघा, ऊस भरलेल्या ट्रॉल्यांना पुष्कळदा मागं लाईट नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या तर ओव्हरटेकचा अंदाज हमखास चुकतो.