डिझाईनचा चांगला प्राध्यापक कसा ओळखावा?

अभियांत्रिकीला प्रवेश घेण्यापूर्वी डिझाईनच्या, म्हणजे यंत्रांचे भाग आखायला शिकवणाऱ्या, प्राध्यापकांची पारख कशी करावी, त्यांचे शोधनिबंध मोजावेत काय, असे आपण विचारले आहे. शोधनिबंधांवरून शिकवण्याचा अंदाज येत नाही. त्यांच्या टेबलावर तुटलेले सुटे भाग पडलेले आहेत का, ते पाहावे.

आमच्या सरांच्या टेबलावर ते असत. शाफ्टचा, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्याचा, व्यास काढण्याची गणिते आम्ही सूत्रे-कोष्टकांचे डेटा बुक उघडून सराईतपणे सोडवू लागलो होतो, तेव्हा त्यांनी साखर कारखान्यातून आणलेला, की-वेपाशी, म्हणजे चाक पक्के बसवण्यासाठी कोरलेल्या खाचेपाशी, तुटलेला एक शाफ्ट वर्गात हातोहात फिरवला आणि तो का तुटला एवढेच विचारले. भार जास्त झाला असणार, व्यास वाढवावा, असा सूर निघाला. सरांनी तुटलेला पृष्ठभाग खिडकीकडे धरायला लावला. बहुतेक भाग गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा होत्या आणि दाणेदार भागाची फक्त एक अरुंद पट्टी कडेला होती. भार खरोखरच बेसुमार असता, तर शेवटी एकदम तुटलेला हा दाणेदार भाग मोठा दिसला असता. येथे भेग फेऱ्यागणिक सावकाश वाढत गेली होती आणि तिचा माग काढत गेले की बोट की-वेच्या धारदार कोपऱ्यावर येऊन थांबत होते. व्यास पुरेसा होता, ड्रॉइंगवर त्या कोपऱ्याला त्रिज्याच, म्हणजे गोलाईच, दिलेली नव्हती. आजही कोणतेही ड्रॉइंग हाती आले की मी आधी कोपरे तपासतो.

विभागप्रमुखांना हा वेळेचा अपव्यय वाटे, आणि माझा एक सहकारी आजही त्यांचीच बाजू घेतो. त्याला मी अमेरिकेतील एमआयटीच्या प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांचे उदाहरण देतो. १९७०च्या दशकापासून त्यांच्या डिझाईनच्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला सारखेच किरकोळ साहित्य मिळे, त्यातून यंत्र बनवायचे आणि सत्राअखेर ते इतरांच्या यंत्रांशी भिडवायचे. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या शालेय रोबोट स्पर्धांना आकार देण्यातही फ्लॉवर्स यांचा मोठा वाटा होता. एमआयटीतले आपल्याकडच्या भरगच्च वर्गात चालत नाही, असे सहकाऱ्याचे ठरलेले उत्तर असते. तुटका शाफ्ट भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने मिळतो, त्याला एमआयटी लागत नाही.

अर्थात, केवळ पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेतील गुणांसाठी शिकायचे असेल, तर असे प्राध्यापक गैरसोयीचे ठरतात. आमच्या सरांचे गिअरचे प्रकरण दरवर्षी अर्धवट राही आणि ते मुले क्लासला जाऊन उरकत.