‘अटेंड’ म्हणजे नुसतं हजर राहणं का? ‘अटेंड टू’ कधी म्हणायचं?

मीटिंग, लग्न, शाळा, क्लास, सगळीकडे नुसतं ‘अटेंड’. पुढे ‘टू’ लावलंत की अर्थ बदलतो: लक्ष घालणं, निस्तरणं. मीटिंग ‘अटेंड’ केली म्हणजे जाऊन बसलात, मग तिथे डुलक्या का काढेनात. या ‘टू’पायी मी मेमो खाल्लाय, म्हणून लिहायला बसलो.

१९९६ साल. एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. रात्रपाळीत तीन नंबरच्या पंपाची ग्लँड, म्हणजे फिरता दांडा (शाफ्ट) पंपातून बाहेर येतो तिथला जोड, धो धो गळायला लागली. जुनं पॅकिंग, म्हणजे तिथे गळती अडवायला ठासलेली दोरी, हुकानं उकरून काढलं, नवी दोरी शाफ्टवर गुंडाळून तिरकी कापली आणि पाच रिंगा बसवल्या, जोडावर जोड येऊ न देता. पहाटे लॉगबुकात लिहिलं, ‘अटेंडेड’. सगळे तसंच लिहायचे. सकाळी साहेब राउंडला आले, ग्लँडखाली थेंब पडताना दिसले आणि पाळी सुटायच्या आत सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली. “अटेंडेड म्हणजे नुसता जाऊन आलास. काम केलं असतंस तर अटेंडेड टू लिहिलं असतंस.” मेमोतही तेच.

अहो, ग्लँड थोडी टपकायलाच लागते! त्या पाण्यावरच पॅकिंग थंड राहतं. कोरडी आवळलीत तर पॅकिंग जळतं, वर शाफ्टला चर पडतो. साहेबांचं इंग्रजी पक्कं होतं, पंपाचं मात्र बेताचंच.

आणि मूळ लॅटिन शब्दात हजेरीचा संबंधच नाही. तिथे अर्थ ताणणं, एखाद्या गोष्टीकडे मन लावणं. हजर राहणं नंतर चिकटलं. फ्रेंचमध्ये तर त्याच शब्दाचा अर्थ आज वाट पाहणं असा आहे.

तुम्ही नोकरीत असाल तर रजिस्टरात ‘अटेंडेड’ लिहूच नका. ‘पॅकिंग बदललं, पंप चालू’ असं लिहा. मराठीत लिहिलंत तरी कुणी खात नाही.

परीक्षेत मात्र ‘टू’ विसरू नका, मार्क जातात. फोन आपण ‘अटेंड’ करतो, इंग्रज ‘आन्सर’ करतात, तेही लक्षात ठेवा. आणि आता कबूल करतो, ब्रिटनच्या बातम्यांत पोलीस ‘अटेंडेड द सीन’ असतात, म्हणजे घटनास्थळी पोचले, इतकंच. तेव्हा शब्दापुरते साहेब बरोबर होते.

तो पंप पुढची दिवाळी होईस्तोवर उघडावा लागला नाही.